निंबानानाच्या पानावर दत्तू

निंबानानाच्या दहाव्याला तापीच्या घाटावर पिंडाला कावळा शिवायच्या आत मारामारी झाली. सांगायला लाज वाटते, पण झालं ते झालं, झाकून काय उपयोग? सुरतेच्या नवागामातली दोनशे माणसं टोप्या काढून उभी होती, भटजी पुढची तयारी करत होते, आणि नुकतंच डोकं भादरलेला लखन, गेलेल्याचा सख्खा धाकटा भाऊ, पिंडासमोरून ताडकन उठला. गर्दीतून वाट काढत तो पार मागे गेला, जिथे चपलांच्या ढिगाशेजारी दत्तू एकटाच उभा होता. काही बोलणं नाही, चालणं नाही. पहिली बुक्की नाकावर, दुसरी कानाखाली. दत्तू चपलांवर पडला तर लखनने त्याच्या बरगडीत लाथा घातल्या, आणि चार दणकट माणसं धावली तेव्हा कुठे तो मागे सरला.

"मना भाऊ तुना हातमा व्हता," लखन ओरडत होता, "अन् तू दोर सोडी दिन्हा!"

दत्तूने हात वर केला नाही. नाकातून रक्त वाहत होतं, पांढऱ्या सदऱ्यावर पडत होतं, तरी त्याने ते पुसलं नाही. कोणी म्हणालं, बघा, गुन्हेगार माणूस कसा गप्प राहतो. कोणी म्हणालं, ह्याने यायलाच नको होतं, तोंड वर करून आला कसा? तो उठला, ढिगातून आपली चप्पल शोधून काढली आणि पायऱ्या चढून निघून गेला. मग कावळा शिवला आणि मंडळी घरी गेली.

आता हा निंबानाना कोण, हे सांगितल्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही.

निंबा खान्देशातल्या शिंदखेड्याकडच्या तापीकाठच्या गावचा. बाप महा तापट. बैलाच्या दाव्याने पोराला बडवायचा, आणि पोरगं पळून नदीत उडी टाकायचं. बाप काठावर शिव्या देत उभा, पोरगं पाण्याखाली. बाप थकून घरी गेला की मगच हे वर यायचं. श्वास कोंडायला निंबा असा शिकला, कुठल्या शाळेत नाही. बाप मेला तेव्हा निंबा सतरा वर्षांचा होता आणि लखन सहाचा. आईला आणि ह्या धाकट्याला घेऊन तो सुरतेला आला, नवागामात दहा बाय दहाची खोली घेतली आणि लूमच्या कारखान्यात बारा-बारा तास उभा राहिला. लखनला त्याने भाऊ म्हणून नाही, पोटचं पोर म्हणून वाढवलं. स्वतः रंजनाशी लग्न केलं तेही लखनला मिसरूड फुटल्यावर, पोराचे हाल करणारी घरात यायला नको म्हणून.

दोन हजार सहाच्या पुरात अर्धी सुरत पाण्याखाली गेली तेव्हा नवागामाला कळलं की हा माणूस लूमवर फुकट जातोय. तीन दिवस तो पाण्यात होता. जिवंत माणसं काढली, मग मेलेली काढली. त्यानंतर तापीत कोणी बुडालं की निंबाला बोलावणं यायचं. प्रेत वर आणलं की काठावरचे रिकामटेकडे मोबाइल काढून पुढे सरसावायचे. एकदा एका बावीस वर्षांच्या पोरीचं प्रेत वर आणलं तेव्हा एकजण अगदी वाकून फोटो काढत होता. निंबानानाने प्रेत अलगद चादरीवर ठेवलं, त्या माणसाच्या कानशिलात अशी लगावली की तो बसलाच, आणि त्याचा फोन तापीत भिरकावला. म्हणाला, जा, काढून आण, मग कळेल खाली काय असतं. त्या दिवसापासून लोक त्याला नाना म्हणायला लागले.

गंमत बघा, हाच माणूस पुढे फोटो काढण्यासाठी ओळखला गेला. सुरतेजवळ समुद्रकाठी हजीऱ्याला मोठमोठे कारखाने आहेत, त्यांना यंत्रं थंड ठेवायला समुद्राचं पाणी लागतं. ते पाणी आत घ्यायला जमिनीखालून बोगदे खोदलेले असतात, काळोखे, पाण्याने गच्च भरलेले. त्यात शिंपले-कालवं चिकटून बोगदा अरुंद होतो. मग पंप बंद करून आत माणूस सोडतात, कुठे किती साचलंय ते बघायला आणि फोटो आणायला. हजीऱ्याचं पाणी म्हणजे नुसता गाळ, स्वतःचा हात दिसत नाही, फोटो कसला येतोय? नानाने युक्ती काढली. जाड प्लास्टिकच्या पिशवीत जारचं स्वच्छ पाणी भरायचं, तोंड घट्ट बांधायचं, आणि ती पिशवी कॅमेऱ्याच्या भिंगासमोर दाबून धरायची. भिंग आणि भिंत यांच्यामध्ये फक्त स्वच्छ पाणी. फोटो असा यायचा की कारखान्याचे साहेब चष्मे पुसून बघायचे.

कामाचे फोटो झाले की दोन-चार स्वतःसाठी. बोगद्यातल्या गंजक्या दारावर बसलेला खेकडा. गाळात पडलेल्या पिवळ्या हेल्मेटमध्ये घर करून बसलेली कोळंबी, मिशा बाहेर काढलेली. पिशवीला तोंड लावून आत डोकावणारा मासा. नवागामात चहाच्या टपरीवर, न्हाव्याच्या दुकानात, पिठाच्या गिरणीत हे फोटो लागले. मुंबईहून, पुण्याहून पाणबुडे लोक त्याला भेटायला यायचे, त्याची ती पिशवी हातात घेऊन बघायचे. प्रेताचा फोटो मात्र त्याने जन्मात काढला नाही.

आणि ह्या सगळ्यात वर दोर धरून बसलेला दत्तू.

दत्तू लूमवर नानाच्या शेजारच्या मशिनीवर होता. सुताची तार तुटायच्या आधी त्याच्या बोटांना कळायचं. मशिनच्या एवढ्या खडखडाटात तो नुसता हात ठेवायचा आणि म्हणायचा, ही जाणार, आणि तार जायची. नानाने ते बघून ठेवलं होतं. बोगद्यातलं काम मिळालं तेव्हा त्याने दत्तूला उचललं. म्हणाला, मला ताकदवान माणूस नको, पैलवान गावात ढीगभर आहेत, मला हा हात पाहिजे. चौदा वर्षं दत्तूने तो दोर धरला. खालून एक झटका म्हणजे मी ठीक आहे. दोन म्हणजे ढील दे. तीन म्हणजे सैल पडलाय, आवर. चार म्हणजे ओढ मला वर. एवढीच भाषा, पण त्या भाषेत दोघं भांडायचे, थट्टा करायचे. नाना खाली फोटोत रमला की दत्तू वरून झटका द्यायचा आणि खालून चिडका झटका परत यायचा. दुपारी डबा उघडला की नानाच्या भाजीत पहिला हात दत्तूचा. नवरा-बायकोचं काय जमेल असं त्यांचं जमलं होतं.

लखन मात्र ताकदीचा गडी. डाइंग मिलमध्ये ओल्या कापडाचे गठ्ठे एकट्याने उचलायचा. उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीला, गच्चीवर पतंग उडवायला उभा राहिला तर ढील द्यायची हे त्याच्या रक्तातच नाही. नुसती खेच. मांजाने बोटं कापून घ्यायचा पण खेचायचा. नाना हसून म्हणायचा, अरे, कधीतरी सोडून बघ, सोडलं तरी पतंग आपलाच असतो. लखन कसला ऐकतोय?

नाना गेला त्या फाल्गुनातल्या दिवशी नेहमीचा मदतनीस चेतन तापाने आजारी पडला. ठेकेदाराने दुसरा माणूस दिला नाही. नाना म्हणाला, चल लखन, आज तू ये, पाहुण्यासारखा बसून राहा. सकाळी जेट्टीवर त्याला चारही खुणा शिकवल्या. लखन हसत होता, पोरांचा खेळ वाटत होता त्याला. पाण्याची पिशवी कमरेला बांधून नाना खाली गेला.

अर्धा तास सगळं ठीक. मग दत्तूच्या हाताला दोन झटके आले. ढील. त्याने ढील दिली. पुन्हा दोन. त्याने आणखी सोडला. पण दोर पुढे सरकेना, मध्येच कुठेतरी अडकला होता. आत वळणावर भिंतीतून तुटकी सळई बाहेर आली होती आणि दोर तिच्या मागे गेला होता. नाना तो सोडवायला परत फिरला होता. त्याला फक्त ढील हवी होती, हात-दोन हात ढील. दोन झटके, लगेच पुन्हा दोन. घाईने, जवळजवळ. दत्तू दोर सोडत राहिला. त्याच वेळी शेजारी बसलेल्या लखनने दोरावर हात ठेवला होता. त्याच्या हाताला लागले चार.

चार दिले, ओढ, असं ओरडून त्याने दोर हिसकला. दत्तू म्हणत होता ढील मागतोय, ढील. हवेच्या मशिनीच्या धडधडाटात कोण ऐकतो? लखनला एवढंच दिसलं की भाऊ वर ओढा म्हणतोय आणि हा हरामखोर दोर खाली सोडतोय. त्याने कोपर मारून दत्तूचा पुढचा दात पाडला, लोखंडी खुंटाला पाय लावला आणि जन्मात खेचलं नव्हतं असं खेचलं. जेट्टीवरचे दोन खलाशी धावत आले, तेही खेचायला लागले. दत्तू उठून लखनच्या पाठीवर पडला, त्याचे हात सोडवू लागला, तर खलाशांपैकी एकाने त्याला लाथ मारली. तळहातांची सालं निघाली तरी लखन थांबला नाही. मग दोर हलायचा थांबला. त्याच्यात झटका उरला नाही.

नानाला बाहेर काढायला दुसऱ्या ठेकेदाराचा पाणबुडा दीपक आत गेला. काम उरकल्यावर त्याने दत्तूला बाजूला घेऊन खरं सांगितलं. दोर इतका ताणला गेला की नाना सळईवर दाबला गेला होता, आणि हवेची नळी दोर आणि सळई यांच्यामध्ये चिरडली गेली होती. सुरी काढायलाही हात मोकळा नव्हता. कमरेची पाण्याची पिशवी मात्र फुटली नव्हती. दत्तूने दीपकचे पाय धरले, ह्यातला एक शब्द कोणाजवळ काढू नकोस म्हणाला. कागदावर अपघात अशी नोंद झाली आणि साहेबलोक मोकळे झाले.

इकडे लखनने जेट्टीवर, प्रेताशेजारीच, दत्तूला पहिल्यांदा तुडवलं. मग दहाव्याला. मग होळीच्या दुसऱ्या दिवशी दत्तूच्या खिडकीच्या काचा फुटल्या. मग त्याच्या मोटारसायकलच्या टाकीत कोणीतरी कुदळ घातली, आणि कोणी ते साऱ्या नवागामाला ठाऊक होतं. मी डोळ्याने बघितलं, हा दोर सोडत होता, असं लखन भेटेल त्याला सांगायचा, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं. दोर सोडत होताच तो. माणसं ऐकायची आणि थुंकायची. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, पण इथे चोरही बिचारा आपण चोर आहोत हे जाणत नव्हता.

ज्याने नाना सोडला त्याला कोण दोर धरायला देतो? दत्तूचं काम गेलं. तो पर्वत पाटिया भागातल्या कापडाच्या बाजारात पार्सलं उचलायला लागला. तिथेही एक दिवस भर दुपारी, जिन्यात, लखन त्याला गाठायला आला. पाठीवर साड्यांचा गठ्ठा असलेल्या माणसाला त्याने वरून ढकललं. दत्तू अकरा पायऱ्या गडगडला, खांदा निखळला. हमालांनी पोलिसांत जाऊ म्हटलं. दत्तू म्हणाला, पाय घसरला.

त्या रात्री खांद्याला शेक देताना त्याच्या बायकोने, शीतलने, त्याला धारेवर धरलं. मार खातोयस, काम गेलं, पोरांना वाटेत अडवून विचारतात, आणि तू मूग गिळून बसलायस, काय आहे तुझ्या पोटात? दत्तूने तेव्हा एकदाच, फक्त तिला, सगळं सांगितलं. ऐकून ती म्हणाली, आत्ताच्या आत्ता जा आणि चौकात उभा राहून सांग.

"सांगतो," दत्तू म्हणाला. "आणि मग लखन जगेल का? नानाने त्याला मांडीवर वाढवलंय. मी तोंड उघडलं तर नाना एक मेला, दुसरा मी मारेन."

शीतलने पाण्याचं पातेलं जमिनीवर आदळलं. नाना गेला तो गेला, आता त्याच्या भावाला जगवायचा मक्ता तुलाच दिलाय का, असं म्हणून ती रडायला लागली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो दत्तूने खाल्ला, पण बोलला नाही. आणखी एक गोष्ट त्याला आतून खात होती, ती त्याने शीतललाही सांगितली नाही. लखन चार म्हणून ओरडला तेव्हा क्षणभर, अगदी एका क्षणापुरतं, दत्तूला स्वतःच्या बोटांवर शंका आली होती. त्या क्षणातच दोर हातातून गेला.

असं करत आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. खान्देशी माणसाला आखाजी म्हणजे दिवाळीहून मोठी, गेलेल्या माणसांची आठवण त्या दिवशी. घरोघरी पितरांच्या नावाने पाण्याची घागर भरतात. वर्षाच्या आत माणूस गेलेलं घर असेल तर घागर नाही, मोठं मातीचं डेरगं. आणि गेलेल्याच्या जागी एक माणूस पित्तर म्हणून जेवायला बसवतात. त्याचे पाय धुवायचे, खांद्यावर नवा टॉवेल घालायचा, पहिलं पान त्याचं. तो जेवला की गेलेला जेवला. पित्तर घरातला नको, पण परकाही नको.

आदल्या दिवशी रंजना स्वतः दत्तूच्या दारात आली. नाना गेल्यापासून ती कोणाचा उंबरा चढली नव्हती. दत्तू उठून उभा राहिला, हात गळ्यात बांधलेला.

"दत्तूभाऊ, नानाच्या डब्यात पहिला हात कोणाचा पडायचा?"

"माझा, वहिनी."

"मग उद्या पानावर तूच बसशील."

दत्तूने हात जोडले. लखन काय करेल ते सांगितलं. सण नासेल म्हणाला. रंजनाने ऐकून घेतलं आणि सांगितलं की घर माझं, नवरा माझा, पित्तर कोणाला बसवायचं ते मी ठरवेन, तू दोर का सोडलास ते मी तुला कधी विचारलं नाही आणि विचारणारही नाही, पण चौदा वर्षं तो तुझ्याच भरवशावर खाली जायचा, तो वेडा नव्हता. शीतल आतून नको नको म्हणत होती. दत्तू हो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी बारा वाजता तो गेला. खोली माणसांनी भरली होती. कोपऱ्यात डेरगं पुजलं होतं, त्यावर लोटा, बाजूला डांगर म्हणतात ते खरबूज, सांजोऱ्या, आंबा. रंजनाने त्यात नळाचं पाणी घातलं नव्हतं, जारचं घातलं होतं, नाना पिशवीत भरायचा तेच. भिंतीवर त्या हेल्मेटातल्या कोळंबीचा फोटो. दत्तूला बघून माणसं कुजबुजायला लागली, एक-दोघं उठूनही गेली. रंजनाने त्याला पाटावर बसवलं, कपाळाला कुंकू लावलं, नवा टॉवेल खांद्यावर घातला. पुढ्यात पान वाढलं. खापरावरची पुरणपोळी, आमरस, कुरडई, भजी, भात, कटाची रशी. पाय धुवायचे मुलाने, पण नानाला एकच लेक, चंचल. मुलगा नसला की भाऊ धुतो. पित्तर बसलाय, पाणी घेऊन ये, एवढंच रंजनाने लखनला बाहेर सांगितलं होतं. कोण बसलाय ते सांगितलं नव्हतं.

लखन तांब्या आणि ताट घेऊन आत आला. वाकला. मग त्याने तोंड वर केलं.

तांब्या भिंतीवर जाऊन आपटला, पाणी डेरग्यावर उडालं. माणसांना कळायच्या आत लखनने टॉवेलची दोन्ही टोकं पकडली, दत्तूच्या गळ्याला पीळ घातला आणि त्याच्या छातीला पाय लावून खेचलं. मना भाऊना पानवर बठस, एवढंच तो दातओठ खात बोलत होता. पान लवंडलं, आमरस फरशीवर सांडला. दोघा माणसांनी लखनच्या कमरेला मिठी मारली, तो हलेना. रंजनाने उलथनं उचललं आणि त्याच्या पाठीवर, खांद्यावर, हातावर मारत राहिली, कातडी फुटली तरी पकड सुटेना. दाराबाहेर थांबलेली शीतल किंचाळत आत आली आणि त्याच्या मनगटाला चावली. त्याला काही लागतच नव्हतं. दत्तूचा चेहरा काळानिळा पडला, डोळे बाहेर आले. निखळलेल्या खांद्याचा हात गळ्यात बांधलेला, दुसरा हवेत काहीतरी शोधत होता.

तो हात टॉवेलवर आला. तिथून पुढचं दत्तूने ठरवून केलं नाही, हे मी देवाची शपथ घेऊन सांगतो. त्याला काही सुचण्यासारखं उरलंच नव्हतं. चौदा वर्षांची सवय ती. त्याच्या बोटांनी टॉवेल धरला आणि दोन झटके दिले. थांबले. पुन्हा दोन.

लखनने आणखी खेचलं.

पुन्हा दोन. घाईने, जवळजवळ. आणि मधली ती एवढीशी जागा, नखाएवढी, जी त्या दिवशी जेट्टीवर लखनच्या तळहाताला लागली होती पण त्याने मोजली नव्हती.

लखनचे हात उघडले. आपोआप उघडले, कोणी सोडवले नाहीत. टॉवेल दत्तूच्या मांडीवर पडला. दत्तू कुशीवर कलंडला, घशातून शीळ घातल्यासारखा आवाज काढत श्वास ओढत राहिला. लखन आपल्या तळव्यांकडे बघत होता. दोराचे वळ अजून होते तिथे, लालसर, आडवे. त्याने ते मिटले, पुन्हा उघडले. मग भिंतीकडे वळला आणि दोन्ही मुठींनी भिंत बडवायला लागला, एकदा, दोनदा, दहादा, प्लास्टर पडलं, बोटांची हाडं दिसायला लागली. माणसांनी त्याला खाली दाबून धरलं. रंजनाच्या हातातलं उलथनं खाली पडलं. तिलाही चारही खुणा पाठ होत्या. नाना घरी झोपताना तिच्या पदराला एक झटका द्यायचा, मी ठीक आहे म्हणून.

हळूहळू माणसांनी हात सैल केले. मग लखन गुडघ्यांवर सरपटत दत्तूजवळ आला.

"त्या दिन कितला व्हतात रे, दत्तू?" किती झटके होते, एवढंच त्याला हवं होतं. "खरं सांग. दोन-दोन व्हतात ना?"

सगळी खोली बघत होती. दोन महिन्यांचा मार, पडलेला दात, निखळलेला खांदा, गेलेलं काम, सगळं त्या एका शब्दाने फिटणार होतं. शीतल त्याच्याकडे बघत होती, सांग आता, सांग.

"चार," दत्तू म्हणाला. आवाज फुटत नव्हता त्याचा. "चारच होते, लखन."

शीतलने तोंडाला पदर लावला. लखन त्याच्याकडे बघत राहिला. आता हाताला काय लागलं होतं ते त्याला पक्कं माहीत होतं, आणि समोरचा माणूस खोटं बोलतोय हेही. रंजनाने तांब्या शोधला, त्याला पोचा आला होता, डेरग्यातलं पाणी त्यात घेतलं आणि दिराच्या हातात दिला. लखनने दत्तूचे पाय धुतले. फुटलेल्या बोटांचं रक्त पाण्यात उतरत होतं आणि पाय लाल होत होते, म्हणून तो पुन्हा पुन्हा धूत राहिला. शेवटी रंजनाने त्याचा हात धरला तेव्हा थांबला. त्याने आपल्याच सदऱ्याने ते पाय पुसले आणि मान खाली घालून म्हणाला, "नाना, जेव."

रंजनाने नवं पान वाढलं. दत्तूच्या घशाखाली पाण्याचा घोट उतरत नव्हता, गळ्यावर टॉवेलचा वळ काळा पडत चालला होता. पण पित्तराने पानात टाकलं तर गेलेला उपाशी राहतो, हे लहान पोरालाही माहीत असतं. तो एकेक घास चावत राहिला, गिळताना डोळ्यातून पाणी यायचं, मग पुढचा घास. पोळी संपली, भात संपला, रशी संपली. लखन समोर बसून वाढत होता. पाऊण तास लागला, पण दत्तूने पानावर काही ठेवलं नाही.